झोपेतच गेली

१५ सप्टेंबर २०१५, मंगळवार. लातूर

अलीझा गेली. सकाळी साडेसहाला, दवाखान्यात. डेंग्यू. सोळा वर्षांची पोर, अकरावीची, नांदेडची, आमच्या क्लासच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये राहायची. रविवारी टेस्ट देऊन आली ती जिन्यातच बसली म्हणे. सोमवारी प्लेटलेट कुठल्या कुठे गेल्या. नांदेडहून घरचे पोचायच्या आधीच सगळं संपलं.

सात वाजता क्लासच्या पंचाक्षरी सरांचा फोन. "मॅडम, लगेच या. पोरी लई रडून राहिल्यात. आवरायला पाहिजे." आवरायला! पाहुणे यायच्या आधी घर आवरतात तसं. पण गेले. समुपदेशक म्हणून पाटीवर नाव आहे, पगार त्याचाच आहे.

तिची रूम पार्टनर लुंबिनी. ती एकटीच रडत नव्हती. कॉटवर पाय पोटाशी घेऊन बसलेली. मी जवळ बसले तशी म्हणाली, "मॅडम, तिला गुरुवारपासून ताप होता. मला माहीत होतं. तिनं—"

मी लगेच तिला जवळ ओढलं. "तुझी काही चूक नाही बाळा. तुझ्या हातात काहीच नव्हतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग तोंड मिटलं. फॉर्मवर मी लिहिलं: शांत झाली.

आता वहीत लिहिताना कळतंय की ती शांत झाली नव्हती. मी तिचं वाक्य तोडलं होतं. पण फॉर्म तर जमा झाला.

१६ सप्टेंबर

हॉस्टेलमधले पाण्याचे सगळे ड्रम सरांनी आज ओतायला लावले. पंधरा दिवसांनी नळ येणाऱ्या गावात एवढं पाणी गटारात! डास कुठं होते ते आज दिसले सगळ्यांना.

उद्या नांदेडला जायचंय. तिसऱ्या दिवसाची जियारत आहे, गेलेल्या माणसाच्या नावानं कुराण पढतात ती. सर म्हणाले, "तुम्हीच जा मॅडम. तुम्हाला बोलायचं जमतं. रूम पार्टनरला पण न्या, बरं दिसतं."

१७ सप्टेंबर, गुरुवार

घरात गणपती बसला आणि मी घरात नाही. ह्यांनीच बसवला. आरतीला सूर लागला नाही म्हणून शेजारचे हसले म्हणे.

क्लासची गाडी. लोह्याला चहा घेतला, लुंबिनीनं मानेनंच नको म्हटलं. नांदेडला इतवारा भागात घर. अलीझाच्या वडिलांचं, अकरमभाईंचं, खाली गाद्या-रजयांचं दुकान, वर दोन खोल्या. बायका आतल्या खोलीत. कुराण पढून झालं होतं. आई, रहमतबी, भिंतीला टेकून बसलेली. मला वाटलं होतं ओरडेल, क्लासला शिव्या घालेल. त्याची मी तयारी करून गेले होते. तिनं माझा हात धरला आणि फक्त एवढंच विचारलं:

"बाजी, आखिर में कुछ बोली क्या मेरी बच्ची? तकलीफ हुई क्या उसको?"

मला काय माहीत? मी तिथं नव्हते. शेवटी काय झालं ते मला कुणी सांगितलंही नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. आणि माझ्या तोंडून आलं, "नाही बहन. झोपेतच गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. बावीस वर्षांची सवय.

रहमतबीनं डोळे मिटले, चार बायका "शुक्र है" म्हणाल्या. तेवढ्यात लुंबिनी, जी लातूरपासून एक अक्षर बोलली नव्हती, पुढं सरकली. "आंटी, अलीझानं मला—"

मी तिचा हात दाबला. जोरात दाबला. रहमतबीला म्हणाले, "हिलाही धक्का बसलाय, हिला काही आठवत नाही."

परतताना गाडीत अंधार होता, म्हणून बरं. लुंबिनी आपला हात दुसऱ्या हातात धरून बसली होती. माझी नखं लागली असतील.

१८ सप्टेंबर

सर खूश. "घरचे समाधानी आहेत, मॅडम. तुमचंच काम ते." मी तोंडात मूग गिळून बसले. खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटते.

१९ सप्टेंबर, शनिवार

शनिवार म्हणजे समुपदेशनाचा तास. दारापासून जिन्यापर्यंत रांग, एकीला तीन मिनिटं. नाव, तक्रार, उपाय, पुढची. डोकं दुखतं, झोप नाही, घरची आठवण, फिजिक्स. आज त्रेचाळीस पोरी. एकीचाही चेहरा आठवत नाहीय.

तासाच्या आधी सरांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, "धीराचे दोन शब्द बोला" म्हणाले. मी नागुबाईची गोष्ट सांगितली. दर वर्षी सांगते. शिबिरांत सांगते, शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगते. मुंबईच्या एका संस्थेनं शाल दिली तीही ह्याच गोष्टीवर.

गोष्ट अशी. त्र्याण्णवचा भूकंप. मी बावीस वर्षांची, समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला, बाहेरून आलेल्या डॉक्टरांच्या पथकाबरोबर. त्यांना आपली बोली कळायची नाही म्हणून मला घेतलेलं. औसा तालुक्यातलं एक गाव, पत्र्याच्या शेडमधली माणसं. त्यात नागुबाई. आठ वर्षांची लेक गेलेली. पाच दिवस बाई बोलत नाही, जेवत नाही. डॉक्टर म्हणायचे, नुसतं ऐका, आपल्या पदरचं काही सांगू नका. मला वाटायचं, ह्यांना काय कळतंय? आपल्या माणसाला दोन शब्द धीराचे लागतात. मी नागुबाईपाशी बसले आणि म्हणाले, "मावशी, तुमची लेक झोपेतच गेली. पहाटेची वेळ. तिला काही कळलंसुद्धा नाही." बाईनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हातातली भाकरी घेतली आणि खाल्ली. अर्धी भाकरी! पाच दिवसांनी!

त्यानंतर मी ते वाक्य सगळ्या शेडमध्ये सांगत फिरले. दोनशे माणसांना तरी सांगितलं असेल. पथकातले बाकीचेही सांगायला लागले.

आज गोष्ट भाकरीपर्यंत आली तेव्हा मागच्या ओळीतून लुंबिनी उठून गेली. बाथरूमला गेली असेल.

२१ सप्टेंबर

लुंबिनी चार दिवस जेवली नाही असं रेक्टरबाई आज सांगतात. आज! मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? म्हणाल्या, "तुमच्या फॉर्मवर शांत लिहिलंय की."

तिच्याशी बोलायला गेले. बोलली नाही. रुसून गप्प नव्हती. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मी अर्धा तास बडबडले. श्वास घे, पाणी पी, तुझी चूक नाही. शेवटी तिनं उशी डोक्यावर घेतली.

घरी फोन केला. उद्या वडील येतायत.

२२ सप्टेंबर, मंगळवार

लुंबिनीचे वडील अश्वजित. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, सदतीस-अडतीसचे. लेकीची बॅग उचलली, मला नमस्कार केला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही मला वळखलं न्हाई. मी नागुबाईचा. शेडमधी तुम्ही आमच्याकडं यायच्या. मी पंधरा वर्षाचा होतो."

माझ्या नागुबाईची नात! आणि जीव एकदम हरखला. ही पोर चार दिवस उपाशी समोर उभी, आणि मी मनात मांडे खातेय, की बघा, माझं काम कसं फळाला आलं, त्या घरातली पोर आज डॉक्टर व्हायला निघालीय. विचारलंसुद्धा, "आई माझी आठवण काढतात का?"

अश्वजित म्हणाले, "काढती ना. तीस तारखेला, भूकंपाच्या दिवशी, या गावाकडं. पोरीला बी भेटणं हुईल."

लुंबिनीनं वळून पाहिलं नाही.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

आज बकरी ईद. रहमतबीचा फोन आला. मला वाटलं मुबारक म्हणायला. म्हणाली, "बाजी, वो बात फिर से बोलो ना. नींद में गई बोले थे ना तुम." मी बोलले. ती म्हणाली, एक बार और. पुन्हा बोलले. पलीकडं घरात माणसांचा आवाज होता, आणि ही कुठंतरी कोपऱ्यात फोन घेऊन उभी असणार.

फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. हे म्हणाले, "काय गं, पित्त झालं का?" हो म्हटलं.

२७ सप्टेंबर

विसर्जन. भूकंपाच्या वर्षीही विसर्जनाचीच रात्र होती. लोक गणपती बुडवून दमून झोपलेले.

मग खरंच सगळे झोपेत गेले असतील ना? हा विचार बावीस वर्षांत पहिल्यांदा आला. मी समाजकार्याची पदवीधर बाई.

३० सप्टेंबर, बुधवार

सगळं लिहिते. जसंच्या तसं. आज तरी.

सकाळी औशापर्यंत एसटी, पुढं जीप. पुनर्वसनाचं गाव, सरळ रस्ते, सिमेंटची सारखी घरं. स्मृतिस्तंभापाशी हार घालून झाले होते, सरपंचानं मला पाहून माइकवरून नाव घेतलं. टाळ्या पडल्या. मी हात जोडले. हेही लिहिते.

नागुबाईच्या घरी गेले. केस सगळे पांढरे. पंचावन्नची असेल, सत्तरीची दिसते. बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, खाली एक मेणबत्ती लावलेली. लेकीचा फोटो नाही, कधी काढलाच नव्हता. तिनं चहा केला. लुंबिनी आतल्या दाराशी बसून होती, गप्प. मी नागुबाईला म्हणाले, "तुमची गोष्ट मी सगळीकडे सांगते मावशी. अर्धी भाकरी खाल्ली होती तुम्ही."

"हाव. ह्या पोरीनं सांगितलं मला."

"लुंबिनी बोलली?"

"लिहून दावलं." चहाची बशी माझ्याकडं सारली. "तू जात नव्हतीस म्हणून खाल्ली मी भाकर."

मला कळलं नाही. मी हसले. देवा, मी हसले.

मग ती बोलली. रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. तांदूळ निवडत बोलत होती.

"आमचं घर कुडाचं. आम्हाला काय बी झालं न्हाई. पोरगी तिच्या मैतरणीकडं झोपली हुती, गणपती बघून उशीर झाला म्हणून. मीच म्हणलं, ऱ्हा. त्येंचं माळवद. मातीचं, दोन-दोन हात जाड. त्ये बसलं. मी ढिगाऱ्यावर गेले तर आतून हाक. 'आये.' म्या हातानं उकरलं. धाकट्या दिरानं उकरलं. दिवसभर ती हाक मारत हुती. पाणी दे म्हणली. रातच्याला पाऊस लागला तरी मारत हुती. दुसऱ्या दिशी मिलिट्री आली तवर बंद झाली."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला.

"आन मग तू आलीस. म्हणालीस झोपेत गेली, तिला कळलं बी न्हाई. समद्या बाया माना हालवाया लागल्या, बरं झालं, सुटली म्हणून. मग म्या कुणाला सांगू ती दीड दिवस हाक मारत हुती? बरं झालं म्हणणाऱ्याला? म्या ती हाक आजवर एकटीनं आयकली. ह्याला, माझ्या लेकाला बी सांगितलं न्हाई. कालच्याला सांगितलं, ही पोर गप हाय म्हणून."

अश्वजित दाराबाहेर उभे होते. आत आले नाहीत.

"तू वाईट न्हाईस गं. पोर हुतीस. तुलाच आयकवत नव्हतं म्हणून तू तसं म्हणालीस. पर आता पोर न्हाईस."

एवढं म्हणून ती तांदळातले खडे टाकायला उठली. मी माफी मागितली की नाही आठवत नाही. मागितली असेल तर पुटपुटले असेन. लुंबिनी माझ्याकडं बघत होती, एवढं आठवतं.

निघताना नागुबाई म्हणाली, "परवा सुट्टी हाय ना? परत ये. पोरीपाशी बस. आन बोलू नगंस."

१ ऑक्टोबर

काल घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "महादेवी, चांगल्या मनानं केलं होतंस." मी म्हटलं, तुम्ही आता माझ्यावर तेच करून राहिलात. उठून स्वयंपाकघरात गेले आणि रडले. लाजेनं रडणं वेगळंच असतं, कुणी बघू नये वाटतं.

दोनशे माणसं. त्यांतल्या किती जणांनी हाका ऐकल्या होत्या? मी किती जणांची तोंडं मिटवली आणि त्यावर शाल घेतली? नावंसुद्धा आठवत नाहीत. माफी कुणाकडं मागू, गावोगाव हिंडू?

सरांचा फोन. शनिवारी नवीन बॅचसमोर नागुबाईची गोष्ट सांगा म्हणाले. मी म्हणाले, ती गोष्ट खोटी आहे. ते म्हणाले, "असू द्या हो, पोरींना आवडते."

२ ऑक्टोबर, शुक्रवार

नागुबाईच्या ओसरीवर लुंबिनीपाशी अडीच तास बसले. काही बोलले नाही. जीभ चावून बसले, शब्दशः. अडीच तासांनी तिचा आवाज फुटला.

"मॅडम, टेस्टच्या आदल्या दिवशी अलीझा तुमच्या रांगेत होती. मी तिच्या मागं होते. ती म्हणाली, अंग लई दुखतंय, डोळ्यांच्या मागं दुखतंय, घरी फोन करू का? तुम्ही लिहून राहिल्या होत्या. वर बघितलं न्हाई. म्हणालात, टेस्टच्या आधी सगळ्यांनाच होतं, उद्यापर्यंत थांब. म्हणून आम्ही थांबलो. दवाखान्यात मी तिच्यापाशी होते, ती शेवटपर्यंत जागी होती. अम्मीला बोलवा म्हणत होती. हे मला आंटीला सांगायचं होतं."

उद्या पहिल्या गाडीनं नांदेड. रहमतबीसमोर बसून हे मी सांगायचं, लुंबिनीनं नाही. आणि सांगून झाल्यावर ती काय म्हणेल ते संपेपर्यंत ऐकायचं.